दिवाणजींचं नाक आणि उलटा पडलेला क्रम

नाशिकच्या पंचवटीतल्या माझ्या दवाखान्यात गणपती ते दिवाळी या काळात नाकाचे पेशंट वाढतात. कारणं ठरलेली. मोकळ्या प्लॉटवर कमरेएवढं माजलेलं गाजरगवत फुलतं, पावसात चिखल झालेली रस्त्यांची माती वाळून उडायला लागते, आणि उन्हाळ्यात साठवणीच्या कांदाचाळीत भरलेला कांदा बाहेर निघतो. हे तिसरं कारण गंगापूर रोडच्या डॉक्टरांना पटकन सुचणार नाही. दिंडोरी रोडच्या मार्केट यार्डापासून जवळ बसणाऱ्याला सुचतं.

हे प्रकरण एका कांदा व्यापाऱ्याकडच्या दिवाणजींचं. त्यांच्या परवानगीने लिहितोय. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वय ४६, व्यसन काही नाही, शुगर नॉर्मल. बसायची जागा खळ्यावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये, समोर कांदा निवडणाऱ्या बायकांची रांग. चाळीतला जुना कांदा गोणीतून ओतला की फोलपटांचा धुरळा उठतो. त्या कांद्याच्या वरच्या पापुद्र्यावर काजळीसारखी जी पूड दिसते ती बुरशी असते, आणि तीही या धुरळ्याबरोबर नाकात जाते. दुपारपर्यंत हिशेबाच्या वहीवर बोट फिरवलं तर रेघ उमटते, असं ते स्वतःच सांगतात.

तक्रार एका वाक्यात होती : "डॉक्टर, नाक धुऊन धुऊन दमलो, आता कुठं ऑपरेशन करायचं तेवढं सांगा."

पहाटे उठल्याबरोबर शिंकांची माळ, दिवसभर पाणी गळणं, रात्री दोन्ही नाकपुड्या बंद आणि तोंड उघडं टाकून झोप. हे पाच-सहा वर्षांचं दुखणं. दोन वर्षांपूर्वी एका कान-नाक-घसा तज्ज्ञांनी तपासून अॅलर्जी सांगितली होती आणि स्टिरॉइडचा नाकात मारायचा स्प्रे दिला होता. त्यानंतर एका योगशिबिरात जलनेती शिकले, म्हणजे लोट्याने एका नाकपुडीत मिठाचं पाणी घालून दुसरीतून काढायचं. लोटा आणला, नेमाने करू लागले. मग मेडिकलमधून नाक मोकळं करणारे थेंब आणले. एवढं सगळं करून नाक बंदच.

औषधं दाखवा म्हटलं, तर शर्टाच्या खिशातून थेंबांची बाटली निघाली. झायलोमेटॅझोलिन. किती दिवस चालू आहे विचारल्यावर "होळीपासून असेल" म्हणाले. आम्ही बोलत होतो तो ऑक्टोबर. दर तीन-चार तासांनी दोन-दोन थेंब. रात्री उशाशी बाटली नसली तर झोप लागत नाही.

निम्मं दुखणं इथंच सापडलं. हे थेंब नाकातल्या रक्तवाहिन्या आवळतात, सूज दहा मिनिटांत उतरते आणि माणसाला जीव भांड्यात पडल्यासारखं वाटतं. पण सलग वापरले की औषधाचा अंमल उतरताना सूज दुप्पट जोराने परत येते. तीन, फार तर पाच दिवस, यापुढे ते वापरायचे नसतात. बाटलीसोबतच्या चिठ्ठीवर हे छापलेलं असतं, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत. तपासताना नाकातल्या मांसल घड्या लालभडक आणि सुजलेल्या दिसल्या. नुसती अॅलर्जी असती तर त्या बहुधा फिकट, निळसर झाक असलेल्या दिसतात. मधला पडदा थोडा डावीकडे कललेला होता, तो तर निम्म्या जगाचा असतो. पू नाही, मस्से नाहीत. रक्तदाब मात्र १५० वर ९६ निघाला, आणि रक्तवाहिन्या आवळणाऱ्या थेंबांवर महिनोन्‌महिने राहिलेल्या माणसात तो तसा निघाला याचं मला नवल वाटलं नाही.

आता दुसरं निम्मं. रोज काय काय आणि कोणत्या वेळी करता, हे मी त्यांना घड्याळाप्रमाणे सांगायला लावलं. माझ्या मते नाकाच्या पेशंटला विचारायचा हा सगळ्यात कामाचा प्रश्न आहे. दिवाणजी माणूस, त्यामुळे उत्तर जमाखर्चासारखं आलं. पाचला उठायचं. दात घासायच्या आधी स्प्रे, कारण तज्ज्ञांनी "सकाळी एकदा" असं सांगितलेलं. मग पाणी कोमट करून नेती. मग कपालभाती, पाणी निघून जावं म्हणून, तीही एक नाकपुडी दाबून जोरात. मग अंघोळ, चहा, नऊला खळ्यावर. संध्याकाळी सातला घरी. हातपाय धुणं, जेवण, टीव्ही, थेंब, झोप.

वाचणाऱ्याच्या ध्यानात आलंच असेल. स्प्रे मारल्यावर पाच मिनिटांत तो नेतीच्या पाण्याने धुऊन बेसिनमध्ये चालला होता. दोन वर्षं. "स्प्रेने काही फरक पडत नाही" हे त्यांचं म्हणणं अगदी खरं होतं. औषध नाकात राहिलंच नव्हतं. आणि नाक धुतलं जात होतं ते पहाटे, म्हणजे धूळ जायच्या आधी. दिवसभराचा धुरळा मात्र रात्रभर आत मुक्कामाला. शेतातून आलेला माणूस पाय धुऊन घरात येतो, यांचं नाक पाय न धुताच अंथरुणात शिरत होतं.

नाक धुतल्याने काय होतं याबद्दल दोन्ही बाजूंनी अतिशयोक्ती चालते, म्हणून थोडं सांगतो. नाकाच्या आतल्या अस्तरावर चिकट द्रवाचा पातळ थर असतो आणि त्याखाली सूक्ष्म केसांची लव. ही लव हलत राहते आणि धूळ, परागकण, बुरशी यांनी भरलेला तो थर घशाकडे ढकलते. अॅलर्जीत थर घट्ट होतो, लव मंदावते आणि जी वस्तू बाहेर जायला हवी ती अस्तराला चिकटून बसते. मिठाचं पाणी हा थर सैल करून वाहून नेतं, आणि त्याबरोबर सूज वाढवणारी रसायनंही थोडी जातात. बस, एवढंच. ऑपरेशन न झालेल्या नाकात हे पाणी सायनसच्या पोकळ्यांत फारसं पोचत नाही. कपाळामागच्या पोकळीत तर जवळजवळ नाहीच. धुतलं जातं ते नाक. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेनच्या २०१८ च्या आढाव्यात अॅलर्जीच्या सर्दीवर याचा फायदा दिसतो असं म्हटलं आहे, पण पुरावा कमी दर्जाचा आहे हेही तिथेच नोंदवलं आहे. माझ्या अनुभवाशी हे जुळतं : फायदा आहे, चमत्कार नाही.

ठरलं ते असं. नेती पहाटेची बंद. खळ्यावरून आल्यावर, अंघोळीच्या आधी नाक धुवायचं. मग अंघोळ, तोवर उरलेलं पाणी टिपकून जातं, आणि पंधराएक मिनिटांनी स्प्रे. स्प्रे मारताना उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्याने उजवीत, तोंड बाहेरच्या बाजूला, म्हणजे फवारा मधल्या पडद्यावर बसत नाही आणि रक्त येत नाही. स्प्रेचा गुण एका दिवसात येत नसतो. आठवडा-दोन आठवडे नियमाने मारला तर कळतं.

थेंब एकदम सोडवणं अवघड जातं. म्हणून आधी आठवडाभर स्प्रे चालू केला, मग डाव्या नाकपुडीत थेंब बंद, उजवीत चालू. निदान एका बाजूने श्वास चालू राहतो. डावी मोकळी व्हायला लागली की उजवी बंद. हे ऐकून ते हसले, "म्हणजे अर्धी उधारी आधी चुकती करायची."

खरा वाद पाण्यावरून झाला, आणि तो त्यांच्याशी नाही, घरच्यांशी. पुढच्या वेळी वहिनी सोबत आल्या होत्या. त्यांच्या मोबाइलवर केरळच्या बातम्या आल्या होत्या, मेंदू खाणाऱ्या अमीबाच्या. "नाकात पाणी घालायचंच नाही, असं आलंय," त्यांचं म्हणणं. मुलाचं मत वेगळं. त्याचं गॅरेज आहे, त्याने बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर कॅनभर आणून ठेवलं होतं. आणि दिवाणजी आतापर्यंत वापरत होते ते नळाचं पाणी, गिझरमधून कोमट करून.

तिघांपैकी वहिनींची भीती सगळ्यात खरी होती, फक्त निष्कर्ष चुकला होता. नेग्लेरिया फाउलेरी हा अमीबा कोमट गोड्या पाण्यात वाढतो. गिळला तर काही करत नाही, पोटातलं आम्ल त्याला मारतं. नाकातून वर गेला तर वासाच्या मज्जातंतूवरून मेंदूत पोचतो, आणि मग वाचणारे अगदी विरळा. केरळात २०२४ आणि २०२५ मध्ये रुग्ण आढळले, त्यातले काही तळी-विहिरींच्या पाण्याशी जोडले गेले. नाक धुण्याशी थेट संबंध लागलेलं ठळक उदाहरण अमेरिकेतल्या लुइझियानाचं : २०११ मध्ये तिथे दोघांचा मृत्यू झाला, दोघंही नळाच्या पाण्याने नाक धुत होते. आजार अतिशय दुर्मिळ आहे. पण ज्या चुकीची शिक्षा एवढी मोठी आणि जी टाळायला फक्त गॅस पेटवावा लागतो, ती करायची कशाला?

नाशिकचं पाणी गंगापूर धरणातून येतं, शुद्ध करून, क्लोरीन घालून. प्यायला ठीक. पण ते आपल्या नळाला येईपर्यंत सोसायटीच्या खालच्या टाकीत पडतं, मग गच्चीवरच्या टाकीत उन्हात तापतं, क्लोरीन उडून जातं. गिझर ते गरम करतो, उकळत नाही. बॅटरीचं पाणी बॅटरीसाठी असतं. त्यातले क्षार काढलेले असतात, जंतू काढलेत याची हमी कुणी देत नाही, आणि कॅन पुन्हा पुन्हा भरलेले असतात. "मग आरओचं?" वहिनींनी विचारलं. आरओचा पडदा चांगला असेल तर अमीबा अडवतो, पण त्यानंतर पाणी मशीनच्या टाकीत साठून राहतं, आणि फिल्टर वेळेवर बदलला होता का, हे बहुतेक घरांत बिलावरच कळतं. म्हणून आरओचं घ्या हवं तर, पण उकळा.

खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट. समुद्रसपाटीपासून २,००० मीटरच्या वर राहणाऱ्यांना तीन मिनिटं सांगतात. नाशिक सहाशे मीटरच्या आसपास, इथं एक पुरे. त्याच भांड्यात झाकून निवू द्यायचं, त्यात बोटं किंवा वापरलेला पेला बुडवायचा नाही, आणि चोवीस तासांत संपवायचं. उरलं तर तुळशीला.

मिठाचा घोळही कमी नव्हता. शिबिरात सैंधव सांगितलं होतं. दिवाणजी अर्ध्या लिटरच्या लोट्यात त्याची चिमूट टाकत. पाणी नाकात गेलं की डोळ्यांपर्यंत झणझणायचं, आणि ते समजत मीठ जास्त झालं, म्हणून आणखी कमी करत. उलटं आहे. आपल्या शरीरातल्या द्रवाइतकं खारट पाणी नाकाला लागत नाही. त्याहून गोडं पाणी पेशींत शिरतं आणि झोंबतं. प्रमाण लिटरला ९ ग्रॅम. चहाचा सपाट चमचा साधारण पाच-सहा ग्रॅमचा, म्हणजे लिटरला दीड चमचा, पण घरोघरचे चमचे वेगळे, त्यामुळे एकदा वजन करून आपल्या चमच्याची खूण धरावी. दिवाणजी लगेच म्हणाले, खळ्यावर वजनकाटा आहे. तो क्विंटलचा हिशेब करणारा काटा नऊ ग्रॅमला काय हलणार! शेवटी शेजारच्या केक करणाऱ्या ताईंचा छोटा काटा आणला.

सैंधवात कचकच असते, तळाला गाळ बसतो, म्हणून ते नको. आयोडीन नसलेलं खायचं मीठ आपल्याकडे २००६ पासून विकायला बंदी आहे, त्यामुळे परदेशी सल्ल्यांत दिसणारं साधं बिनआयोडीन मीठ किराणा दुकानात मिळत नाही. नेहमीचं बारीक मीठ बहुतेकांना चालतं. ज्यांना झोंबतं त्यांनी मेडिकलमध्ये मिळणाऱ्या तयार पुड्या घ्याव्यात, फक्त पुडी किती मिलिलिटरसाठी आहे ते बघून. चिमूटभर खायचा सोडा घातला तर झोंबणं आणखी कमी होतं. खायचा. धुण्याचा सोडा घातलेला पेशंट मी पाहिलेला आहे, त्याच्याबद्दल पुन्हा कधीतरी.

लोट्याऐवजी दाबायची प्लास्टिकची बाटली घेतली, २४० मिलिलिटरची. कान दुखायचा अनुभव त्यांना आधी आलाच होता, तो कपालभातीमुळे : एक नाकपुडी दाबून जोरात फुंकलं की नाकातलं पाणी कानाच्या नळीत चढतं. म्हणून पहिल्यांदा माझ्यासमोर, दवाखान्यातल्या बेसिनवर, खळ्यावरून थेट आलेले असताना करायला लावलं. कमरेत वाकायचं, कपाळ हनुवटीपेक्षा फार खाली नाही, मान थोडी तिरपी. तोंड उघडं, श्वास तोंडाने, घशातून बारीक "आऽऽ" चालू, म्हणजे टाळू वर उचलला जातो आणि पाणी घशात उतरत नाही. बाटली हलके दाबायची. मध्येच गिळायचं नाही. पहिल्यांदा ठसका लागला. मग दुसऱ्या नाकपुडीतून धार सुरू झाली, आधी स्वच्छ, मग एक घट्ट शेंबडाचा दोर सुटला आणि पांढऱ्या बेसिनमध्ये जे पडलं ते तिघांनी वाकून पाहिलं : राखाडी गाळ, आणि त्यात कांद्याच्या फोलपटाचे तांबूस कण, भिजून पारदर्शक झालेले. एक तर डाळीच्या सालीएवढा होता. वहिनी म्हणाल्या, "बाई गं, हे घेऊन झोपत होते." अमीबाची चर्चा त्यानंतर झाली नाही.

शेवटी दोन्ही नाकपुड्या उघड्या ठेवून हलकं शिंकरायचं, वाकून मान दोन्हीकडे वळवायची. तरीही अर्ध्या तासाने चपला घालायला वाकलं की नाकातून पाणी गळतं, त्याला घाबरायचं नाही. बाटली त्याच उकळलेल्या पाण्याने विसळून उलटी वाळवायची आणि दोन-तीन महिन्यांनी बदलायची.

थेंब सोडतानाच्या पहिल्या रात्री वाईट गेल्या. फोनवर एकदा "जीव गुदमरतोय, थोडेसे टाकू का?" विचारलं, टाकले नाहीत. डावी बाजू आठवडाभरात मोकळी झाली, उजवीने जास्त वेळ घेतला. दिवाळीपर्यंत रात्रभर तोंड मिटून झोप. पहाटेच्या शिंका गेल्या नाहीत, कमी झाल्या. त्यातल्या काही जुन्या गोधडीतल्या धुळीच्या होत्या असं मला वाटतं, कारण गोधडी धुऊन उन्हात टाकल्यावर आणखी उतरल्या. रक्तदाबही खाली आला, पण त्याचं सगळं श्रेय थेंब थांबवण्याला देत नाही, त्यांनी पापड-लोणचं पण सोडलं होतं. वास परत आला. याची त्यांना धंद्यात गरज. गोणीत सडका कांदा आहे का हे पूर्वी ते वासावर सांगत, मधली काही वर्षं सांगता येत नव्हतं.

इथे हे प्रकरण संपलं असतं. पण थंडीत, निफाडकडे पारा उतरत होता त्या दिवसांत, ते पुन्हा आले. डाव्या बाजूने घाण वासाचं पिवळं पाणी, फक्त डाव्या. आणि हे महिनाभर चाललं होतं, कारण दिवसातून तीनदा नाक धुतलं की काही तास वास जायचा. धुण्याच्या सवयीचा हा तोटा : आराम पडतो आणि दाखवायला उशीर होतो. अॅलर्जी दोन्ही बाजूंना असते. एकाच बाजूने घाण स्राव, एकाच बाजूने रक्त, डोळ्याभोवती सूज, दिसण्यात फरक, तापासह गालात किंवा कपाळात ठणका, यातलं काही दिसलं की बाटली बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. मधुमेह्यांनी तर नक्कीच. २०२१ मधली कोविडनंतरची काळी बुरशी (म्युकरमायकोसिस) नाशिक विसरलेलं नाही.

तोंड उघडायला लावलं. डावीकडची वरची दाढ जुनी भरलेली, टिचकी मारल्यावर दुखली. वरच्या दाढांची मुळं गालामागच्या सायनसच्या तळाला जवळजवळ लागून असतात, मुळाशी पू झाला की तो वर सायनसमध्ये चढतो. एक्स-रेने तेच दाखवलं. दंतवैद्यांनी दाढेचा बंदोबस्त केला, सोबत प्रतिजैविकं दिली, आणि वास गेला. पुढे कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दुर्बिणीने पाहून नाक स्वच्छ असल्याचं सांगितलं. ऑपरेशनचा विषय तूर्त नाही.

आता ते जुना कांदा चालू असेपर्यंत स्प्रे घेतात, नाक फक्त खळ्यावर गेले त्या दिवशी धुतात, आणि धुरळ्यात उपरण्याऐवजी एन-९५ मास्क लावतात. रोज उगाच धुवायचं कारण नाही.

गेल्या आठवड्यात ते वेगळाच प्रश्न घेऊन आले : निवडणाऱ्या बायकांना ही बाटली द्यावी का? त्या दिवसभर त्याच धुरळ्यात पदर नाकाला लावून बसतात, आणि बसायची जागा गोणीच्या अगदी तोंडाशी. मी नको म्हणालो. खळ्यावर उकळलेलं पाणी झाकून ठेवायची सोय नाही, एक बाटली चौघींत फिरणार, आणि घाईत कुणीतरी टँकरच्या पाण्याने भरणार. त्यांना आधी मास्क द्या, गोणी ओतायची जागा वाऱ्याच्या खालच्या अंगाला हलवा, आणि पत्र्याला बाहेर हवा फेकणारा मोठा पंखा बसवा. मास्कची खोकी दुसऱ्या दिवशी आली. पंख्याचं शेठ भाव चढल्यावर बघू म्हणालेत.